सबवूफर गप्प झालाय? ॲम्प बदलण्याआधी मीटर लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीत बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डिकीत मोनो ॲम्प (सिग्नल मोठा करणारा एका चॅनेलचा ॲम्प्लिफायर) आणि दोन कॉइलचा (पडदा हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्यांचा) १२ इंची सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर. काही महिने झकास वाजला, आता अचानक चिडीचूप. दारांतले स्पीकर नेहमीसारखे चालू आहेत. ज्याने सिस्टीम बसवली त्याने गाडी न उघडताच सांगितलं, 'ॲम्प गेला, नवा घ्या.' मग घ्यायचा का?

आत्ता तरी नका घेऊ. 'ॲम्प गेला' हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं. मेलेला म्हणून काढून आणलेले कितीतरी ॲम्प टेबलावर १२ व्होल्ट दिल्याबरोबर सुरू होतात. दोष गाडीतच राहिलेला असतो: फ्यूज होल्डरमध्ये, अर्थच्या बोल्टखाली, रिमोटच्या वायरीत (स्टिरिओ चालू झाला की ॲम्पला उठवणारी बारीक वायर), नाहीतर स्टिरिओच्या मेनूत. अशा वेळी नवा ॲम्प जुन्याच वायरींना जोडला की तोही गप्पच राहतो, आणि पैसे गेलेले असतात.

तुम्ही बाकी सगळं लिहिलंत, पण एक गोष्ट राहिली, आणि पुढचा सगळा तपास तिच्यावरच ठरतो: ॲम्पवरचा दिवा. स्टिरिओ चालू असताना डिकी उघडून बघा. दिवा लागलेलाच नाही, लाल लागलाय, की हिरवा-निळा नीट लागलाय? (रंग कंपनीनुसार बदलतात, दिव्याशेजारी 'पॉवर' लिहिलंय की 'प्रोटेक्ट' ते वाचा.) या तीन अवस्थांचे तीन वेगळे रस्ते आहेत. ते न बघता वायरी हलवत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

सामान फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, पेन्सिल सेल, वीतभर वायरचा तुकडा, मोबाइलमधून ॲम्पच्या आरसीएमध्ये (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पला देणारी गोल पिनेची जोडणी) आवाज देणारी केबल आणि मोबाइलवर ५० हर्ट्झचा सलग सूर. गाणं नको, सूरच हवा. गाण्यात मीटरचे आकडे नाचत राहतात, आणि स्वस्त मीटर एसी व्होल्टेज ५०-६० हर्ट्झच्या आसपासच भरवशाने मोजतात. एक पथ्य मात्र पाळा: कुठलीही वायर सोडवण्या-जोडण्याआधी बॅटरीजवळचा मोठा फ्यूज काढा. मोजताना तो लागेलच, पण पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर हातात असताना तो जागेवर नको. जाड पॉझिटिव्ह वायर बॉडीला टेकली तर ठिणगीवर भागत नाही, वायर पेट घेऊ शकते.

आता पहिला रस्ता: दिवाच नाही. ॲम्पच्या एका टोकाला तीन टर्मिनल असतात: बॅटरीचा पॉझिटिव्ह, अर्थ आणि रिमोट. तिन्ही नीट असल्याशिवाय ॲम्प उठत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला, लाल पिन पॉझिटिव्हला. इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.७, चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. शून्य दिसलं तर लाल पिन तिथेच ठेवून काळी पिन बॉडीच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला लावा. आता १२ आले तर पॉझिटिव्ह ठीक आहे, अर्थ तुटलाय. तरीही शून्यच असेल तर बॉनेट उघडा, बॅटरीजवळच्या फ्यूजकडे चला.

फ्यूज डोळ्यांनी बघून 'चांगला आहे' म्हणू नका. काचेच्या नळीतल्या फ्यूजची तार अखंड दिसते, पण टोकाची धातूची टोपी आतून सुटलेली असते; किंवा फ्यूज उत्तम असतो आणि होल्डरची पकड ढिली किंवा गंजलेली असते. म्हणून फ्यूज जागेवर असतानाच काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावून दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मोजा. बॅटरीकडच्या बाजूला १२ आणि गाडीकडच्या बाजूला शून्य, म्हणजे दोष फ्यूजमध्ये किंवा होल्डरमध्ये. तो उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. ६० उडाला म्हणून १०० घालणं हा गाडी जाळायचा रस्ता आहे, कारण तो फ्यूज ॲम्पला नाही, बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या वायरीला वाचवायला असतो. त्यामुळेच तो बॅटरीपासून जेमतेम ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. नवा फ्यूजही तत्काळ उडत असेल तर थांबा. ॲम्पकडची पॉझिटिव्ह वायर सोडवून तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा फ्यूज लावा. तरीही उडाला तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला चिकटली आहे. बहुतेक वेळा इंजिनकडून केबिनमध्ये शिरते त्या भोकाच्या कडेवर, रबरी बुश नसेल तर. टिकला, तर ॲम्प आतून शॉर्ट आहे. ॲम्पच्या अंगावरचे छोटे फ्यूजही याच पद्धतीने, मीटर लावूनच तपासा.

आता जी गोष्ट अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते ती सांगतो. मीटरवर १२.६ दिसले म्हणजे पॉवर ठीक आहे असं नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. जाड वायरीतल्या शंभर तारांपैकी एकच तार टर्मिनलला टेकत असेल तरी मीटर पूर्ण १२.६ दाखवतो. ॲम्पने करंट ओढायला सुरुवात केली की तेच व्होल्टेज कोसळतं आणि ॲम्प उठायच्या आत बसतो. म्हणून पॉझिटिव्ह आणि अर्थला मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी स्टिरिओ चालू करायला सांगा. त्या क्षणी १२.६ वरून आकडा चार-पाचवर पडला तर सांधा खराब आहे, ॲम्प नाही. आणखी खात्री हवी असेल तर हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब दोन वायरींनी त्याच दोन टर्मिनलना लावा. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर लाइन जिवंत आहे. मिणमिणला तर वाटेत अडथळा आहे. हा बल्ब चटकन तापतो, गालिच्यावर टेकवू नका.

अडथळा सापडायची शक्यता सगळ्यात जास्त अर्थच्या बोल्टवर. डिकीचा गालिचा उचला आणि बोल्ट पूर्ण काढा, नुसता आवळून बघू नका. लगच्या (वायरीच्या टोकावरच्या धातूच्या कडीच्या) खालचा पत्रा नीट न्याहाळा. पुष्कळदा तिथे गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा असतो. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जातो तेवढ्यावर काही महिने काम भागतं, मग ओलाव्याने आट्यांवर गंज चढतो, पांढुरकी भुकटी धरते आणि एक दिवस सब बंद. अचानक बंद पडला असं वाटतं, पण बिघाड पहिल्या दिवसापासून आतल्या आत चालू असतो. सँडपेपरने लगच्या आकाराएवढा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, वरून गंजरोधक रंग किंवा ग्रीस लावा. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड हवी, आणि लांबी शक्यतो हातभरच. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडलेला असेल तर तो तिथून हलवा. तो बोल्ट जीव वाचवायला आहे, त्याच्या आवळणीत ढवळाढवळ करू नये. काम झाल्यावर ॲम्प वाजत असताना ॲम्पचा अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये लांब वायर टाकून डीसी व्होल्ट मोजा. जोरदार बेसलाही अर्धा व्होल्टच्या पुढे जायला नको; दशांशात राहिला तर उत्तम.

पॉझिटिव्ह आणि अर्थ पक्के असतील तर राहिला रिमोट. स्टिरिओ चालू असताना रिमोट टर्मिनलवर जवळपास १२ व्होल्ट हवेत, बंद केल्यावर शून्य. येत नसतील तर वायरच्या तुकड्याने ॲम्पचा पॉझिटिव्ह आणि रिमोट क्षणभर जोडा. दिवा लागला तर ॲम्प शाबूत आहे, रिमोटची वायर किंवा स्टिरिओचं ते आउटपुट गेलंय. तुकडा रिमोट आणि अर्थमध्ये चुकूनही लावू नका. स्टिरिओचं रिमोट आउटपुट फार थोडा करंट देऊ शकतं, शॉर्ट झालं की कायमचं जातं. ते गेलंच असेल तर स्टिरिओ बदलायची गरज नाही. किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या ॲक्सेसरी लाइनवरून छोटा फ्यूज घालून रिमोट घ्या.

इथे आणखी एक सापळा आहे. बाहेरून मिळणाऱ्या स्टिरिओंच्या मागे सहसा दोन निळ्या वायरी असतात: एक पूर्ण निळी, दुसरी निळीवर पांढरा पट्टा. ॲम्पसाठी पट्ट्याची. पूर्ण निळी वायर मोटरवर वर येणाऱ्या अँटेनाची, आणि बऱ्याच स्टिरिओंमध्ये ती फक्त रेडिओ लावल्यावरच जिवंत होते. सब एफएमवर वाजतो आणि ब्लूटूथवर गप्प होतो अशी तक्रार असेल तर दुसरं काही न बघता आधी ही वायर बघा.

दुसरा रस्ता, लाल दिवा. ॲम्प जिवंत आहे, पण काहीतरी धोक्याचं वाटून त्याने स्वतःला बंद करून घेतलंय. हाताला चटका बसेल इतका गरम असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या आणि हवा खेळते का ते बघा. गालिच्याखाली दाबून बसवलेले ॲम्प असेच बंद पडतात. गरम नसेल तर फ्यूज काढून स्पीकरच्या वायरी आणि आरसीए दोन्ही सोडवा, फक्त पॉझिटिव्ह, अर्थ आणि रिमोट ठेवून फ्यूज परत लावा. तरीही लाल राहिला आणि व्होल्टेज पडत नसेल, तर दोष ॲम्पच्या आत. बहुधा आउटपुटचे किंवा पॉवर सप्लायचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) गेलेले असतात. हे काम इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावरचं आहे, गाडीतलं नाही, आणि चांगल्या ॲम्पच्या बाबतीत दुरुस्ती करण्यासारखी असते. मोकळं केल्यावर दिवा हिरवा झाला तर आधी आरसीए लावा, मग स्पीकर. ज्या जोडणीला लाल होईल तिथे दोष.

स्पीकरची वायर लावल्यावर लाल होत असेल तर वायरीची दोन्ही टोकं मोकळी करून प्रत्येक टोक आणि बॉडी यांच्यात मीटरचा बझर (दोन पिना विजेने जोडल्या गेल्या की वाजतो तो) तपासा. अजिबात वाजता कामा नये. सीटच्या रुळाखाली चेपलेली किंवा बॉक्सच्या स्क्रूने टोचलेली वायर असं करते. वायर निर्दोष असेल तर ओहमचं गणित बघा. दोन कॉइलच्या सबमध्ये २ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर भार १ ओहम होतो, एकापुढे एक जोडल्या तर ४. तुमचा ॲम्प २ ओहमपर्यंतच चालणारा असेल आणि जोडणी १ ओहमची असेल तर तो हळू आवाजात चालेल आणि आवाज वाढवला की प्रोटेक्टमध्ये जाईल.

तिसरा रस्ता: दिवा नीट, सब गप्प. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. इथे एका टोकापासून सुरुवात करण्यापेक्षा मधोमध तोडणं चांगलं. ॲम्पचा गेन (येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवायची कळ) खाली करा, फ्यूज काढून स्टिरिओकडून आलेली आरसीए सोडवा आणि तिच्या जागी मोबाइलची केबल लावा. फ्यूज परत लावा, सूर सुरू करा, आवाज हळूहळू वाढवा. सब वाजला तर ॲम्प, सब आणि त्यामधली वायर तिन्ही निर्दोष. दोष स्टिरिओ, त्याची सेटिंग किंवा आरसीए केबलमध्ये. एका मिनिटात अर्धी सिस्टीम संशयातून बाहेर.

आता एक थेट प्रश्न विचारतो: सब बंद पडायच्या आधी गाडीची बॅटरी बदलली किंवा सोडवली होती का? वीज तुटली की अनेक स्टिरिओ मूळ सेटिंगवर परत जातात, आणि मूळ सेटिंगमध्ये सबवूफर आउटपुट बंद असू शकतं. काही स्टिरिओंमध्ये मागच्या स्पीकरसाठी आणि सबसाठी एकच आरसीए जोडी असते आणि तिचं काम मेनूतून ठरवावं लागतं. फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारी सेटिंग) पूर्ण पुढे ढकललेला असेल तर मागच्या आरसीएमधून काहीच येत नाही. मेनूत सब चालू करा, सबची पातळी मध्यावर आणा, फेडर मध्ये ठेवा. ॲम्पवरही नजर टाका: क्रॉसओव्हरचं (कुठले सूर पुढे जाऊ द्यायचे ते ठरवणारं) बटण एलपीएफवर, म्हणजे फक्त खालचे सूर सोडणाऱ्या जागेवर हवं. सरकून एचपीएफवर (फक्त वरचे सूर सोडणाऱ्या जागेवर) गेलं असेल तर सबला खालचे सूर मिळतच नाहीत. ड्रायव्हरजवळ बेसची गोल कळ बसवली असेल तर तीही शून्यावर नाही ना ते बघा. कोणीतरी गाडी धुताना फिरवलेली असते.

सेटिंग नीट असेल तर आरसीएचं ॲम्पकडचं टोक हातात घ्या, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, ५० हर्ट्झचा सूर स्टिरिओवर तीन चतुर्थांश आवाजात लावा आणि मधली पिन ते बाहेरचं कडं असं मोजा. अर्धा ते ४ व्होल्ट दिसले तर सिग्नल येतोय. शून्य असेल तर हेच माप स्टिरिओच्या मागे घ्या. तिथे आहे आणि इथे नाही, तर केबल तुटलीय. आरसीए काढता-घालताना सिस्टीम बंदच असू द्या; चालू असताना ओढाओढ केली तर स्टिरिओच्या आतला नाजूक अर्थ ट्रॅक जळतो आणि मग इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी शिटी कायमची मागे लागते.

मोबाइल लावूनही सब गप्पच राहिला तर फ्यूज काढा, ॲम्पपासून स्पीकरच्या वायरी सोडवा आणि त्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स बघा आणि तो वजा करा, कारण इथे दशांशाला किंमत आहे. ४ ओहमची एक कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दाखवते, अशा दोन समांतर असतील तर पावणेदोनच्या आसपास. पावणेदोनऐवजी साडेतीन दिसले तर एक कॉइल तुटलीय किंवा तिची वायर निसटलीय. मीटरने 'ओएल' दाखवलं तर सर्किट पूर्ण तुटलंय, पण एवढ्यावर सबला जबाबदार धरू नका. सब बॉक्समधून काढा आणि थेट त्याच्याच टर्मिनलवर मोजा. बॉक्सच्या आतली क्लिप हादऱ्यांनी निसटणं ही फार नेहमीची गोष्ट आहे, आणि मग दुरुस्ती म्हणजे क्लिप दाबून परत बसवणं एवढीच.

टर्मिनलवरही 'ओएल' असेल तर पिना लावून ठेवून दोन्ही हातांचे तळवे कोनवर (सबच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) समान ठेवा आणि अलगद आत-बाहेर करा. आकडा येत-जात असेल तर टर्मिनलपासून कोनकडे जाणारी लवचिक विणलेली तार तुटायला आलीय. हात सफाईदार असेल तर ती बदलता येते. कोन खरखरत असेल, जळका वास येत असेल किंवा जागचा हलतच नसेल तर कॉइल गेली. पेन्सिल सेलची चाचणी याला पूरक: सेलचा प्लस सबच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोनने टप् असा आवाज करून बाहेर उसळी घ्यायला हवी. दोन्ही कॉइलचे ओहम बरोबर येतात पण एकत्र जोडल्यावर कोन हलतच नाही, असं झालं तर एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे आहेत. दोघी एकमेकींचा जोर मारतात. हा दोष आपोआप होत नाही, मध्यंतरी कोणी वायरी काढल्या असतील तरच.

सब चांगला, सिग्नल चांगला, दिवा चांगला, आणि तरी आवाज नाही? मग ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर, सब न जोडता, सूर चालू ठेवून एसी व्होल्ट मोजा. गेन वाढवूनही शून्यच आलं तर हो, ॲम्प गेलाय. आणि तिथेच सूर बंद करून डीसी व्होल्टही मोजा, दोन टर्मिनलांच्या मध्ये. काही मिलिव्होल्ट चालतात. चांगले व्होल्टमध्ये आकडा आला तर या ॲम्पला दुसरा सब जोडून बघायचा मोह टाळा. अशी डीसी कॉइलमधून सतत वाहत राहते आणि नवा सबही जाळते.

कॉइल जळालेली निघाली तर नवा सब लावण्याआधी गेन नव्याने लावावाच लागेल, कारण बहुतेक कॉइली गेन जास्त ठेवून कापल्या गेलेल्या (ॲम्पच्या मर्यादेपलीकडे जाऊन लाटेची टोकं छाटली गेलेल्या) सिग्नलने जळतात. गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे. सब सोडवा, बेस बूस्ट शून्यावर ठेवा, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर, ५० हर्ट्झचा सूर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ काढा: ४०० वॅट आणि २ ओहम असेल तर ८०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २८ व्होल्ट. वॅटचा आकडा ॲम्प त्या ओहमला खरोखर देतो तो किंवा सबचा आरएमएस (सतत पेलता येणारे वॅट), दोन्हीपैकी लहान तो धरा. खोक्यावरचा 'मॅक्स' आकडा सोडून द्या. स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन खालून वर हळूहळू फिरवा, २८ आले की थांबा, फ्यूज काढा आणि मगच सब जोडा.